गाडीचं काळं प्लॅस्टिक पंधरा दिवसांत परत पांढरं पडतंय? बाटली बदलण्याआधी हे करून बघा

बंपरचा खालचा भाग, आरशांची कव्हरं, दारांवरच्या काळ्या पट्ट्या, चाकांवरची प्लॅस्टिकची किनार म्हणजे क्लॅडिंग, वायपरखालची जाळी. गाडीला पाच-सहा वर्षं झाली की हे सगळं आधी करडं आणि मग राखेसारखं पांढरट दिसायला लागतं. आपण दुकानातून एक बाटली आणतो, रविवारी सकाळी फडक्याने चोळतो, संध्याकाळी गाडी नव्यासारखी दिसते. पंधरा दिवसांनी, आणि मधे एखादी सर येऊन गेली तर चारच दिवसांनी, पुन्हा तेच. मग दुसरी बाटली येते, तिच्यानंतर तिसरी. हे चक्र ज्यांच्या घरी सुरू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची गाडी २०१४ सालची, पांढरी हॅचबॅक, अण्णांनी घेतलेली. घर जुळे सोलापुरात. गाडी लावायला जागा आहे, वर छप्पर नाही. गाडीची उजवी बाजू पश्चिमेला येते, म्हणजे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंतचं ऊन त्याच अंगाला. उजव्या आरशाचं कव्हर डाव्याच्या दोन वर्षं आधी पांढरं पडलं. तुमच्याही गाडीच्या दोन्ही बाजू एकदा शेजारी शेजारी ताडून बघा, ऊन कुठून येतं ते प्लॅस्टिकच सांगेल.

एका वर्षात मी तीन बाटल्या संपवल्या. तिसरी संपल्यावर एक मित्र घरी आला होता. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत रंगकाम करतो. त्याने खिशातला पांढरा रुमाल काढला, त्यावर थोडं अल्कोहोल घेतलं आणि आरशाच्या कव्हरवर दोनदा फिरवून माझ्यासमोर धरलं. रुमालावर तेलकट, तपकिरी-काळा पट्टा उमटला होता. म्हणाला, "तू प्लॅस्टिकला लावलंच नाहीस बे. मागच्या वेळच्या तेलाला लावलंयस."

माझी सगळी चूक तेवढ्यात कळली. खाली लिहिलेलं सगळं त्या दिवसानंतर करून बघितलेलं आहे.

काळा रंग गेलेला नसतो

आधी एक परीक्षा करा. पांढऱ्या पडलेल्या भागावर ओलं बोट फिरवा. जिथं पाणी लागलं तिथं प्लॅस्टिक काळंभोर दिसेल, आणि वाळलं की परत पांढरं. म्हणजे काळेपणा जागेवरच आहे.

घराच्या अंगणात शहाबादी फरशी असेल तर हे रोज बघता तुम्ही. फरशी वाळलेली असताना राखाडी, पाणी मारलं की गर्द. शाळेतल्या दगडी पाटीचंही तसंच. पृष्ठभाग खडबडीत असला की त्याच्यावर पडणारा उजेड चहूकडे विखुरतो आणि डोळ्याला पांढरट दिसतो. पाण्याने किंवा तेलाने ते बारीक खळगे भरले की उजेड आत जातो, आणि आतला काळा रंग दिसतो. बाटलीतलं सिलिकॉनचं तेल हेच काम करतं. ते पाण्यासारखं लगेच उडून जात नाही, एवढाच फरक.

मग हे खळगे येतात कुठून? गाडीचं हे प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं. ठोकर लागली तर तडकू नये म्हणून त्यात थोडं रबर मिसळलेलं असतं, आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क. टाल्क म्हणजे शंखजिरं, अंगाला लावायच्या पावडरीत असतं तेच. सुटा भाग उलटा करून पाहिलात तर मागे कोरलेलं सापडेल: पीपी+ईपीडीएम-टीडी२० असं काहीतरी. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे रबर, आणि टीडी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची पूड. काळा रंग असतो कार्बन ब्लॅकचा, म्हणजे जवळपास काजळीचाच. काजळी उन्हाने विटत नाही. विटते ती तिला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची कातडी. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि आतलं पांढरं शंखजिरं उघडं पडायला लागतं. फार झालेलं असेल तर बोट घासल्यावर खडूसारखी भुकटी हाताला येते. एक बरं, की काजळी स्वतःच अतिनील किरण शोषून घेते. त्यामुळे नासाडी वरच्या पातळ थरापुरतीच राहते, खालचा माल ठणठणीत असतो. म्हणून तर दुरुस्तीला अर्थ आहे.

हे सगळीकडेच होतं, पण आपल्याकडे लवकर होतं. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टात निदान ढग असतात. मेमध्ये आकाश स्वच्छ, पारा ४२-४३ च्या घरात, आणि काळं प्लॅस्टिक तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दुपारी दोनला बंपरवर तळवा टेकवून बघा, ठेववत नाही. पाऊस मुळातच कमी, त्यामुळे ऊन न पडलेले दिवसही कमी.

पण तुमचं पांढरं नक्की कुठलं?

उन्हाने पडलेलं पांढरं आणि वरून चिकटलेलं पांढरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटली घेण्याआधी हे ओळखा, नाहीतर पैसे वाया.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते बोअरच्या पाण्याचं पांढरं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, मग ते गाडीवर कोण ओतणार? गाडीला बोअरचं. ते पाणी जड, क्षारांनी भरलेलं. थेंब उन्हात वाळला की गोल, कडेला जाड अशी पांढरी टिकली मागे उरते. ओलं बोट फिरवल्यावरही ही टिकली पूर्ण जात नाही, आणि नखाला खरखरीत लागते. यावर साधं पांढरं व्हिनेगर अर्ध्याला अर्धं पाणी घालून, सावलीत, कापसाने लावायचं, तीन-चार मिनिटं ओलं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. वाळू द्यायचं नाही. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही वापरू नका, ते शेजारच्या क्रोमला आणि पत्र्याला खातं.

घरातलं आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत भरून बरेच जण गाडी धुतात. पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे, पण आरओ जे क्षार गाळून काढतं ते सगळे त्या बादलीत असतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणीही तसंच जड झालेलं असतं. याच्या उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं, जवळजवळ क्षारमुक्त. आमच्याकडे एसीच्या नळीखाली उन्हाळाभर बादली असते, आणि शेवटचा हात त्याच पाण्याचा. एवढ्यानेच निम्मे डाग पडायचे थांबले.

दुसरं पांढरं पॉलिशचं. वॉशिंग सेंटरवाल्याने बॉडीला वॅक्स किंवा कंपाउंड मारलं की काठाला असलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक दाण्यांत ते जाऊन बसतं. रंगाच्या कडेने पांढरी रेघ दिसत असेल तर ती हीच. शाळेतलं मऊ पांढरं खोडरबर घ्या आणि त्या रेघेवर पेन्सिल खोडतो तसं खोडा. रबराच्या किसाबरोबर वॅक्स सुटून येतं. पुढच्या वेळी पॉलिश मारायच्या आधी प्लॅस्टिकच्या कडेला मास्किंग टेप लावायला सांगा, आणि सांगून न भागल्यास स्वतः लावून गाडी द्या.

तिसरं, पाऊस आल्यावर आरशाखाली आणि दाराच्या पट्टीखाली उतरणारे मळकट ओघळ. हे जुन्या तेलाचे. पाण्याबरोबर तेल सुटतं, त्यात धूळ मिसळते आणि पांढऱ्या गाडीवर तर लांबून दिसतं.

बोअरचे डाग काढले, पॉलिश काढलं, तरी वाळल्यावर सगळीकडे सारखंच करडं दिसतंय आणि ओलं केल्यावर काळं होतंय, तर मग तो उन्हाचा मार आहे. त्याचीच पुढची गोष्ट.

धुणं, आणि परत धुणं

काम खरं इथेच आहे. मी सकाळी सहाला सुरू करतो, गाडी घराच्या सावलीत असते आणि प्लॅस्टिक गार. तापलेल्या प्लॅस्टिकवर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात.

आधी साध्या शॅम्पूने माती काढून घ्या. मग ऑल पर्पज क्लीनर, एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी. तो नसेल तर भांडी घासायचं लिक्विड चालतं. रोज गाडीला ते वापरू नये, वॅक्स उतरवतं, पण आज आपल्याला उतरवायचंच आहे. हातात नायलॉनचा मऊ ब्रश आणि कानाकोपऱ्यासाठी जुना टूथब्रश. हिरवी घासणी किंवा तारेची घासणी नको, प्लॅस्टिकच्या दाण्यांवर ओरखडे पडतात आणि ते कशानेच जात नाहीत.

एका वेळी फूट-दीड फुटाचाच भाग घ्या. ब्रश गोल गोल फिरवा आणि फेसाकडे बघा. पहिल्या हाताला फेस चहासारखा तपकिरी येतो. धुवा. दुसऱ्या हाताला करडा येतो. धुवा. तिसऱ्या, कधी चौथ्या हाताला तो पांढरा राहतो, तेव्हा थांबायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकट्या उजव्या आरशाला माझी वीस मिनिटं गेली. अण्णा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, एवढ्यात अख्खी गाडी धुऊन होते." मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच फेस बघा ना." ते उठून जवळ आले, वाकून बघितलं आणि आतून चष्मा घालून आले. मग दुसरा आरसा त्यांनी स्वतः घासला, माझ्यापेक्षा बारकाईने.

धुऊन झालं की पूर्ण वाळवा. आरशाच्या फटीत, हँडलच्या मागे, पट्टीच्या खाचेत पाणी लपून बसतं आणि नेमकं आपण काहीतरी लावत असताना टपकतं. पंक्चरवाल्याकडची हवा मारून घेता आली तर उत्तम, नाहीतर दारं उघडी टाकून तासभर थांबा.

आता अल्कोहोल. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. अर्धं ते, अर्धं बॅटरीचं पाणी, म्हणजे बॅटरीत वरून घालायचं डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे. स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याने पुसा, फडकं उलटवत राहा. फडकं काळं-तपकिरी येतंय तोवर जुनं तेल शिल्लक आहे. हे पेट घेणारं द्रव्य आहे, तेव्हा उघड्या जागी करा, जवळपास कुणी विडी-सिगारेट पेटवायला नको.

शेवटी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहून घरंगळला तर सिलिकॉन अजून आहे, परत एकदा पुसा. थेंब पसरून प्लॅस्टिकला बिलगला तर झालं. थेंबाची जागा मात्र परत वाळवून घ्या. आता प्लॅस्टिक आधीपेक्षाही भकास दिसेल, एकसारखं करडं, कोरडं. घाबरू नका, आपल्याला तेच हवं आहे. आतापर्यंत प्रत्येक बाटली या पायरीशिवाय लावली गेली होती म्हणूनच ती टिकली नाही.

मग लावायचं काय?

बाजारात दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या एकाच फळीवर ठेवतो. एक म्हणजे ड्रेसिंग, त्यात सिलिकॉनचं तेल असतं. डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश ही याच घरातली. हे वाळत नाही, वर बसून राहतं. नीट धुऊन लावलं तर महिना, दीड महिना काढतं. गाडी विकायची आहे, घरात लग्न आहे, गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार आहेत, अशा वेळी पुरे. घ्यायचंच झालं तर पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं दिसणारं घ्या. पेट्रोलसारखा वास येणारं, चकचकीत पारदर्शक असेल ते टाळा, त्यावर धूळ जास्त चिकटते. लावल्यावर दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून काढायला विसरू नका. चिकटपणाची तक्रार बहुतेक वेळा हे न पुसल्यामुळे असते.

दुसरी जात म्हणजे वाळून घट्ट होणारं कोटिंग. ट्रिम कोटिंग किंवा सिरॅमिक ट्रिम रिस्टोरर अशा नावाने मिळतं. बाटली लहान, किंमत मोठी, पण लागतं थेंबा-थेंबाने. हे भेगांत शिरून तिथेच कडक होतं, म्हणून पावसाने धुऊन जात नाही. साधारण वर्षभर, सावलीतल्या गाडीवर त्याहून जास्त टिकतं. बाटलीवर वाळायला किती वेळ लिहिलाय ते बघा. 'लावा आणि लगेच धुवा' असं लिहिलं असेल तर ते बहुधा पहिल्याच जातीचं आहे.

कोटिंग लावताना दारावरच्या रंगाच्या कडेने टेप लावून घ्या, हातमोजे घाला. फोमच्या छोट्या तुकड्याला चिकटवलेल्या मायक्रोफायबरवर तीन-चार थेंब. आधी आडवा हात, मग उभा. मिनिट-दोन मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने हलकेच पुसून सारखं करा. तासाभराने दुसरा हात. त्यानंतर एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही.

फडक्याविषयी एक सांगतो. सोलापुरात टेरी टॉवेलला तोटा नाही, घराघरात आहे, अंग पुसायला त्याच्यासारखं काही नाही, आणि गाडीची बॉडी कोरडी करायलाही मी तोच वापरतो. पण कोटिंग पुसायला तो घेऊ नका. त्याचे फासे प्लॅस्टिकच्या दाण्यांत अडकतात, आणि सुटलेला तंतू कोटिंगमध्ये वाळला की कायमचा तिथेच. इथे आखूड लव असलेलं मायक्रोफायबरच हवं.

वेळही महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर कोटिंग लावायला बसलात तर पुसायच्या आधीच ते वाळतं आणि पट्टे उमटतात. भर पावसाळ्यात हवा दमट, तेव्हाही ते लवकर आवळतं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ यासाठी सोन्यासारखा आहे.

हीट गन

हीट गन म्हणजे कडक गरम हवा फेकणारं यंत्र. मोबाइलवर याचे व्हिडिओ बघून लोक विचारतात, कारण दिसतंच तसं. गरम हवा फिरवली की पांढऱ्या प्लॅस्टिकवर काळी लाट सरकत जाते, काही न लावता. मित्राच्या कारखान्यात मी एका जुन्या टाकाऊ बंपरवर करून पाहिलं. होतं ते असं: पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. वरचा भेगाळलेला थर वितळून सपाट होतो आणि भेगा मिटतात. "आतलं तेल बाहेर येतं" असं सांगितलं जातं ते खरं नाही.

परिणाम काही महिने टिकतो. मात्र उन्हापासून जपणारं रसायन, जे कारखान्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं असतं, ते वरच्या थरातून संपलेलंच असतं आणि गरम करून परत येत नाही. त्यामुळे वर कोटिंग दिलं नाही तर पुढच्या वेळी पांढरं लवकर पडतं. हवा ४०० अंशांच्या वर असते. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात की दाणे वितळून तिथे चकाकणारा गुळगुळीत डाग होतो. माझ्या हातून त्या टाकाऊ बंपरवर असे तीन डाग पडले, म्हणून स्वतःच्या गाडीला मी हात लावला नाही. वायपरखालच्या जाळीवर तर कधीच नको. शेजारी काच आहे, एका कोपऱ्यात एकदम तापली तर तडकते. पार्किंग सेन्सर, रबराची बीडिंग आणि रंगवलेला भाग यांच्या जवळही नको. करायचंच असेल तर जुन्या गाडीच्या चाकावरच्या क्लॅडिंगवर, आधी पूर्ण धुऊन, हात सतत हलता ठेवून. तेल शिल्लक असताना तापवलं तर धूर निघतो आणि डाग कायमचे बसतात.

घरगुती उपाय

खोबरेल तेल, शेंगदाण्याचं तेल, डिझेल, इंजिनाचं जुनं ऑइल, डब्ल्यूडी-४०, बूट पॉलिश. हे सगळं लावल्यावर काळं दिसतं, कारण सगळ्यांनी खळगे भरतात. खाण्याची तेलं उन्हात खवट होतात आणि मातीबरोबर त्यांचं चिकट किटण बनतं. अण्णांनी बरीच वर्षं खोबरेल लावलं होतं, ते किटण काढायला फेसाचे सहा हात लागले. डिझेल आणि ऑइल रबराची बीडिंग फुगवतात. बूट पॉलिश पावसात उतरतं आणि दाराला टेकून उभं राहणाऱ्याच्या पँटला लागतं.

जवसाचं तेल मात्र वेगळं आहे. ते हवेत हळूहळू वाळून पातळ पापुद्रा बनवतं, सुतार लाकडाला लावतात ते याचसाठी. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं अळशीचं, म्हणजे जवसाचंच तेल अगदी पातळ लावून, अर्ध्या तासाने जादाचं कोरडं पुसलं तर ते इतर तेलांपेक्षा खूप जास्त दिवस राहतं. मी मागच्या बंपरच्या खालच्या पट्टीवर लावलं होतं, पावसाळा काढला. जाड लागलं तिथे पिवळट आणि चिकट झालं. आणि हे नीट लक्षात ठेवा: या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढीग करून टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता सुटते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर मोकळी पसरून वाळवा.

तरीही परत पांढरं झालं तर

दोन-चार दिवसांत सगळीकडेच गेलं असेल तर लावलेलं ड्रेसिंग होतं किंवा खाली जुनं तेल होतं. थेंबाच्या परीक्षेपासून परत सुरुवात करा.

ठिगळं ठिगळं, कुठे काळं कुठे करडं, असं दिसत असेल तर धुणं असमान झालंय किंवा काही जागांनी कोटिंग जास्त प्यायलंय. करड्या जागा अल्कोहोलने पुसून तिथे आणखी एक हात द्या. फार खराब झालेलं प्लॅस्टिक तीन हातसुद्धा पितं.

चकाकणारे पट्टे दिसत असतील तर कोटिंग पुसायच्या आधी वाळलं. घासत बसू नका. त्यावरच ताज्या कोटिंगचा एक हात फिरवा, जुनं थोडं मऊ पडतं, आणि लगेच पुसून सारखं करा. एक-दोन दिवसांच्या आत केलं तरच हे जमतं.

नुसत्या खालच्या क्लॅडिंगचंच जात असेल तर वॉशिंग सेंटरवर लक्ष ठेवा. आमच्या गाडीला एका ठिकाणी धुतल्यावर खाली डिझेल-ऑइलचा फवारा मारला गेला, गंज लागू नये म्हणून. तो क्लॅडिंगवर उडाला आणि त्यावर आठवड्याभराची काळ्या मातीची धूळ बसली. कोटिंग शाबूत होतं, वरचं किटण धुतल्यावर दिसलं. आता गाडी देतानाच सांगतो की खाली फवारा नको आणि काळ्या प्लॅस्टिकला काहीही लावू नका. कडक साबणाचा फोमही नको, साधा शॅम्पू पुरतो.

आणि जे ओलं केल्यावरही काळं होत नाही, ज्याला उघड्या डोळ्यांना भेगा दिसतात, नख लावलं तर कपची निघते, त्यावर वेळ घालवू नका. वायपरखालच्या जाळीचं बहुतेक असंच होतं, कारण ती आडवी असते आणि दिवसभराचं ऊन थेट तिच्यावर. ती सुटी मिळते, तीन-चार क्लिप आणि वायपरचे दोन नट काढले की निघते. नवी आणली की बसवण्याआधीच अल्कोहोलने पुसून कोटिंग द्या, टेबलावर ठेवून काम चांगलं होतं. बंपरचा मोठा भाग रंगवून घ्यायचा असेल तर पेंटरला प्लॅस्टिकचा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, आधी मारायला सांगा. पॉलिप्रॉपिलीनला रंग मुळातच धरत नाही, प्रायमर नसेल तर वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात.

पियानो ब्लॅक म्हणतात ती चकचकीत काळी पट्टी, दारांच्या मधल्या खांबावरची, हा वेगळा प्रकार आहे. तिचा त्रास बारीक ओरखड्यांचा असतो, तिला बारीक पॉलिश लागतं. आणि वायपरची दांडी लोखंडी असते, तिला मॅट काळा स्प्रे मारा, विषय संपला.

आमच्या गाडीला कोटिंग दिल्यानंतर दोन उन्हाळे झाले. दिवसा गाडीवर आता सुती कव्हर असतं, निदान मार्च ते मे. डावा आरसा अजून काळा आहे, थेंब टाकला की मोत्यासारखा उभा राहतो, म्हणजे कोटिंग शाबूत आहे. उजव्याच्या वरच्या कडेला बोटभर करडी रेघ दिसायला लागलीय आणि तिथे थेंब पसरतो. दिवाळीनंतर फक्त उजव्याचा हात परत करायचा आहे, ब्रश आणि बॅटरीचं पाणी अण्णांनी आणून ठेवलंय.